आमची वारी पुण्यातून जात नव्हती

गावात हत्ती आला की आमची आजी दाराला कडी घालायची. एखाद्या साधूबाबाबरोबर दारोदार फिरणारा हत्ती असायचा तो. आळीतली पोरं केळी नि नारळ घेऊन त्याच्यामागे पळायची, बाया त्याच्या पायावर पाणी घालायच्या, आणि आम्ही भावंडं त्याच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज लांब जाईस्तोवर चुलीपुढे बसून. मी एकदा विचारलं, "मग आपण गणपती कसा काय बसवतो?" ती म्हणाली, "गणपती देव हाय. हत्ती सरकारचा असतोय."

घरचा दुसरा नियम वारीचा. आमचं गाव नातेपुत्याजवळ, म्हणजे माऊलींची पालखी जवळजवळ दारातच येते. घरात माळकरी पिढ्यानपिढ्या. पण आमची वारी सुरू व्हायची ती नातेपुत्याच्या तळावरून. आळंदीहून चालायचं तर पुण्यात दोन रात्री काढाव्या लागतात, आणि पुण्यात आमच्या घरचं माणूस मुक्काम करत नाही. शिक्षण, नोकऱ्या, सोयरिकी, सगळं सोलापूर-बारामतीच्या आत. वडिलांना शेवटच्या आजारात पुण्याला न्यावं लागलं, तेव्हा शुद्ध होती तोवर ते एकच विचारत होते, "रात्रीच्या आत परत निघायचं ना?" परत निघणं झालं नाही. त्यांच्या वर्षश्राद्धानंतरच्या आषाढीला मी ठरवलं, आळंदीपासून चालायचं.

पुणं टाळण्याचं कारण जुनं आहे. तुकोजी होळकर १७९७ साली पुण्यात वारले आणि काशीराव, मल्हारराव, यशवंतराव, विठोजी या त्यांच्या चार मुलांत वारसाचं भांडण उभं राहिलं. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू धरली. त्याच वर्षी पुण्याला लागून असलेल्या भांबुर्ड्यात मल्हाररावांच्या छावणीवर शिंद्यांच्या फौजेने छापा घातला आणि मल्हारराव पडले. यशवंतराव नागपूरकडे निसटले, विठोजी कोल्हापूरकडे. पुढे विठोजींनी पंढरपूरच्या बाजूला पेशव्यांविरुद्ध धामधूम मांडली. आमचा आजा (खापरपणजोबांच्याही मागचा, पण घरात त्याला नुसतं 'आजा'च म्हणतात) त्यांच्या घोडदळात होता. "घोडं सोताचं हुतं त्याचं," असं आजी हटकून सांगायची. म्हणजे शिलेदार. सरकारी घोड्यावरचा बारगीर म्हटलेलं तिला खपत नसे. पेशव्यांच्या फौजेने विठोजींना धरलं, तेव्हा आजाही सापडला. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजींना शनिवारवाड्यात हत्तीच्या पायी दिलं. आजालाही त्याच दिवसांत पुण्यात संपवलं, एवढं आमचं घर सांगतं.

लढाईत पडला असता तर पोवाड्यासारखा सांगितला असता. पण तो बांधलेल्या हातांनी मेला. मारणारा परका नव्हता, पकडणारे मराठेच, आणि ज्याच्या हुकमाने मेला त्याच्याच दौलतीचे चाकर होळकर. आजीची गोष्ट एकाच वाक्यावर थांबायची: "त्याला कुणी इचारलंच न्हाई."

आळंदीत प्रस्थानाच्या आदल्या दिवशी मी हैबतबाबांच्या पायरीवर डोकं ठेवलं. हैबतबाबा आरफळकर. आज आपण बघतो तो पालखी सोहळा, ही शिस्त, हे घोडे, हे तंबू, त्यांनी एकोणिसाव्या शतकात उभं केलं. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. वारकऱ्यांत सांगतात, शिंद्यांचा मुलूख सोडून घरी येताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटलं आणि गुहेत कोंडलं. ते हरिपाठ म्हणत राहिले. एकविसाव्या दिवशी नायकाच्या घरी मुलगा झाला आणि त्या आनंदात कैद्याला सोडून दिलं. सुटलेला माणूस घरी न जाता आळंदीत येऊन राहिला. ही गोष्ट मी कीर्तनात कितीदा ऐकली असेल. त्या दिवशी मात्र मनात आलं, ह्याला सोडलं म्हणून ही वारी अशी चालते. मग गर्दीने मागून ढकललं आणि ते तिथेच राहिलं.

पुण्यात माऊली भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळात. आमची दिंडी जवळच्या एका शाळेत, पाचवीच्या वर्गात. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. घराण्याचा शाप वगैरे काही नाही. शेजारचे पखवाजी घोरत होते. दुसऱ्या दिवशी मुक्काम, म्हणून दुपारी एकटाच शनिवारवाड्यावर गेलो.

वाडा म्हणावं असं आत काही नाही. १८२८ च्या आगीत सगळं जळालं. उरलेत तट, दरवाजे, जोती आणि मध्ये हिरवळ. कॉलेजची पोरं फोटो काढत होती. कुणी चिवड्याची पिशवी टाकलेली. मी जोत्यांमधून दोन फेऱ्या मारल्या. कुठे उभं राहून हात जोडायचे तेच कळेना, म्हणून बाहेर पडलो आणि दिल्ली दरवाज्याशी थांबलो. त्या दारावर लोखंडी खिळे आहेत, लांब, टोकदार, ओळीने ठोकलेले. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. मी एका खिळ्याच्या टोकावर अंगठा ठेवून पाहिला. अजून टोचतो. दार हत्तीपासून वाचवायचं, आणि हत्ती आत पाळायचा. मला तिथे रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, तोही शेजारी पावभाजीच्या गाडीची चौकशी करणाऱ्या माणसावर, ज्याचा काही संबंध नव्हता.

योगिनी एकादशीला पहाटे पुणं सोडलं. हा वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा, सासवडपर्यंत, वर उपास आणि दिवे घाट. पहिला विसावा वानवडीला, शिंदे छत्रीपाशी. महादजी शिंदे १७९४ मध्ये तिथे वारले. सावलीला बसून शेंगदाण्याचा लाडू खाताना माझ्या लक्षात आलं, आपण शिंद्यांच्या दारात बसलोय. पालखीचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे, माऊलींचा तंबूही त्यांचाच. आणि महादजींची लेक बाळाबाई शितोळ्यांच्याच घरात दिलेली. म्हणजे मी चालत होतो तो सगळा थाट मुळात समोरच्या बाजूचा!

आणि पुढे हडपसर. विठोजींच्या मरणानंतर यशवंतराव होळकर फौज घेऊन दक्षिणेत उतरले, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, ह्याच माळांवर त्यांनी शिंदे-पेशव्यांची एकत्र फौज मोडली. बाजीराव पळाला तो वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला. ३१ डिसेंबरला तह केला आणि राज्य त्यांच्या ओटीत घातलं. शाळेत वसईचा तह दोन मार्कांना असतो. आमच्या घरात तो 'आजाच्या मरणाची भरपाई' म्हणून सांगत, आणि लहानपणी मलाही ते बरोबर वाटायचं. हडपसरला आता उड्डाणपूल आहे. पुलाखाली लोक केळी वाटत होते. तुकोबांची पालखी इथून लोणीकडे जाते, माऊलींची सासवडकडे. त्या गोंधळात माझी चप्पल तुटली आणि दिवे घाट मी एका पायात स्लीपर, एका पायात कुणीतरी दिलेला कापडी बूट घालून चढलो.

घाटात तुळशीवाल्या मावशी शेजारी होत्या, परभणीकडच्या, सत्तरीच्या पुढच्या. डोक्यावर वृंदावन, पाठ ताठ. मला कशानं एवढं गप्प केलंय, ते त्यांनी वडकी नाल्यापासून विचारायला सुरुवात केली आणि अर्ध्या घाटात काढून घेतलं. मी हत्तीपासून सगळं सांगितलं. त्या चार पावलं बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अन् तो हत्ती? त्याला काय ठाऊक होतं लेकरा? त्याला बी बांधलेलाच की." आणि पुढच्या बाईला ओरडल्या, "अगं पदर सांभाळ, पायात येतोय."

जेजुरीत भंडाऱ्याने सगळे पिवळे झालो. होळकरांचा खंडोबा तो. गडाच्या दगडात होळकरांचा पैसा आहे. मी आजाच्या नावाने चिमूटभर भंडारा उधळला. वाल्हे, मग नीरेचं स्नान, पूल ओलांडून सातारा जिल्हा. पाय एव्हाना आपापले चालत होते.

लोणंदच्या तळावर मात्र मी अडकलो. समाज आरती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. संध्याकाळी पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती कडं करून उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि आवाज तुटावा तसा थांबतो. पाखरू ऐकू येईल इतकी शांतता. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. सगळा तळ गप्प आणि एका कोपऱ्यात दहा-पंधरा टाळ. चोपदार मग त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, तोड काढतात. ती दिंडी टाळ थांबवते, तेव्हा पुढचं सुरू होतं. मग हरवलं-सापडलं वाचून दाखवतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती होते.

त्या संध्याकाळी एक दिंडी थांबली नाही. पाण्याच्या टँकरचं काहीतरी भांडण होतं, असं नंतर कळलं. आमच्यापासून लांब, पलीकडच्या अंगाला. झांज-टाळांचा तो चिवट, एकसारखा आवाज, आणि बाकीची सगळी माणसं माना वळवून त्या बाजूला बघतायत. कुणी वैतागलेलं नाही, कुणी 'गप्प बसा' म्हणत नाही. कारण पद्धतच तशी आहे: ऐकून घेतल्याशिवाय आरती नाही. चोपदार चालत निघाले. मी नकळत स्वतःच्या टाळांची दोरी मुठीत आवळून धरली होती. वीणेकरी बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवईने विचारलं, काय? मी मान हलवली, काही नाही. आवाज थांबला. मग हरवल्याच्या यादीत एक चष्मा, एक आजोबा नि एका लहान मुलीची पिशवी.

तरडगाव, फलटण, बरड. नातेपुत्याला आत्या तळावर आली, भाकरी, ठेचा आणि शेंगांची चटणी घेऊन. आत्या दरवर्षी इथूनच चालायला लागते. माझ्या पायाचे फोड बघून तिने आधी शिव्या दिल्या, मग हळू आवाजात विचारलं, "गेलास का तिथं?"

"गेलो."

"काय हाय?"

मी सांगितलं: हिरवळ आहे, जोती आहेत, दाराला खिळे आहेत. खिळे कशासाठी, तेही सांगितलं. ती भाकरी मोडत होती, तिचा हात थांबला. "अस्सं," म्हणाली. आणि चटणी वाढली.

माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असं तिच्याबरोबर चाललो. वाखरीच्या आधी बाजीरावाची विहीर लागते. तिथे रिंगण असतं. आत्या भंडीशेगावातच दोन बाटल्या भरून घेते, आणि मला आत्ता कुठे उमगलं की दरवर्षी घेते. त्या विहिरीच्या आसपास तिने आजवर पाण्याचा थेंब तोंडात घेतलेला नाही. हा तिसरा नियम मला कुणी सांगितलाच नव्हता.

रिंगणात आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. पुढे जरीपटक्याच्या स्वाराचा घोडा, मागे माऊलींचा, रिकाम्या पाठीचा. त्या घोड्यावर माऊली बसलेले असतात, म्हणून कुणी माणूस बसत नाही. दोन्ही घोडे सुटले की पहिल्यांदा टापा छातीत ऐकू येतात. माऊलींचा घोडा आमच्यासमोरून गेला तेव्हा त्याच्या आयाळीला घामाचा वास होता, आणि अंगावर माती उडाली. रिंगण संपताच लोक टापांखालची माती घ्यायला धावले. आत्याही वाकली. तिने चिमूटभर कपाळाला लावली, मग माझ्या कपाळाला, आणि उरलेली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"आजाचं घोडं असंच असंल बघ," ती म्हणाली. "सोताचं हुतं त्याचं."

घोडा कुणाच्या घरचा ते मी तिला सांगितलं नाही. मोकळी बाटली उलटी करून दाखवली. तिने ती घेतली, विहिरीकडे जाणाऱ्या बायांच्या रांगेकडे एकदा बघितलं, आणि माझ्या हातात परत दिली. "जा, तुझी तू भरून आण."