लेखिकेनेच सांगितलंय ना?

"अगं मावशी, लेखिकेनेच सांगितलंय ना, मग वाद कसला?" हॅरी पॉटरमधल्या डम्बलडोरबद्दल भाची एवढं बोलून मोकळी झाली. मला मात्र ते दिवसभर खुपत राहिलं.

हॅरी पॉटरचा सातवा भाग जुलै २००७ मध्ये आला. त्यातले मुख्याध्यापक डम्बलडोर समलिंगी असल्याचं लेखिका रोलिंगबाईंनी सांगितलं ऑक्टोबरमध्ये, वाचकांसमोर. सातही पुस्तकांत तसं स्पष्ट वाक्य एकही नाही.

उलट शेरलॉक होम्सच्या मित्राला, डॉ. वॉटसनला लागलेली गोळी बघा. १८८७च्या कादंबरीत खांद्याला, १८९०च्या कादंबरीत पायाला! कथेत खुलासा नाही. वाचक अजून तर्क लढवताहेत, आणि त्या तर्कांनीच वॉटसन मला जास्त खरा वाटतो.

लेखकाच्या शब्दाला मान आहेच. पण पुस्तक हातात आल्यावर तो शेवटचा शब्द कसा?

पानावर नसलेलं, मागाहून सांगितलेलं तुम्ही कथेत धरता का?