चिप बदलली, मोटरचे नियम तेच

गुरुवार, रात्र

आज वाळूजला पंप कंट्रोलरचा (विहिरीवरची मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्याचा) आपला जुनाच, एव्हीआर चिपसाठी लिहिलेला कोड एआरएम कॉर्टेक्स-एम३ या वेगळ्या घराण्याच्या चिपवर चालला. मोटरचे नियम ज्या फाइलीत आहेत तिला हातही लावावा लागला नाही. फार बरं वाटलं.

ते नियम चिपचे नाहीतच, अंबडकडच्या मोसंबीच्या बागेतले आहेत. रात्री थ्री फेज लाईट आली की मोटर सुरू, एक फेज गेली की लगेच बंद, विहिरीनं तळ गाठला तर कोरडी फिरू द्यायची नाही. चिप एव्हीआर असो की एआरएम, यात काय बदलणार? म्हणून त्या फाइलीत रजिस्टरचं (चिपच्या आतल्या, तिचे भाग चालवणाऱ्या जागेचं) नावसुद्धा नको, हा माझा हट्ट. रिले (मोटरचा विजेवर चालणारा स्विच) चालू कर, करंट सांग, किती वेळ झाला सांग, एवढीच फंक्शन्स तिला माहीत. त्यामागं प्रत्येक चिपची वेगळी फाइल. २०२१ च्या चिपटंचाईत मिळेल ती चिप लावायची वेळ आली, तेव्हापासून हे जास्तच पटलंय.

पण रजिस्टर झाकली म्हणजे झालं असं नाही. एटीमेगा३२८पी या एव्हीआर चिपवर इंट, म्हणजे सी भाषेतला साधा पूर्णांक, १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. ६० सेकंदांचे मिलिसेकंद करायला गेलं तर ६०,००० त्यात मावतच नाहीत. एआरएमवर इंट ३२ बिटांचा, तिथं काहीच बिघडत नाही, त्यामुळे घोटाळा दिसतही नाही. सी९९ नं (सी भाषेच्या १९९९ च्या मानकानं) दिलेले ठरावीक रुंदीचे प्रकार वापरलेले बरे. स्ट्रक्टचंही (एकत्र बांधलेल्या आकड्यांच्या गठ्ठ्याचंही) तेच. एक बाइट आणि त्यामागं चार बाइटांचा आकडा: एव्हीआरवर ५ बाइट, एआरएमवर मध्ये रिकामी जागा सोडून ८. विहिरीवरून आरएस-४८५ च्या तारेनं तो गठ्ठा तसाच पाठवला आणि घरी दुसरी चिप असली तर करंट भलताच दिसणार. एकेक बाइट ठरलेल्या क्रमानं भरायचा.

आणि इंटरप्ट, म्हणजे चिपचं चालू काम मध्येच थांबवून दुसरं करायला लावणारा इशारा! आठ बिटांच्या चिपवर १६ बिटांचा काउंटर दोन टप्प्यांत वाचला जातो. मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा आकडा जुना, अर्धा नवा. नुसतं व्होलाटाइल (दरवेळी मेमरीतून ताजं वाच, असं सांगणारा सीचा शब्द) लिहून हे टळत नाही, वाचण्यापुरते इंटरप्ट बंदच ठेवावे लागतात. ती पद्धत चिपगणिक वेगळी, म्हणून तीही चिपच्या फाइलीत.

नियमांची फाइल आता लॅपटॉपवरही कम्पाइल होते. एप्रिलमधली आटलेली विहीर, मध्येच जाणारी फेज, सगळं टेबलावर तपासता येतं. मोटर जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी, वर ऐन उन्हाळ्यात बागेचं पाणी तुटतं. त्याच्या मोटरवर प्रयोग नकोत.

उद्या ईएसपी३२-सी३ ही चिप घ्यायचीय, कोर आरआयएससी-फाइव्ह, म्हणजे आणखी तिसऱ्याच घराण्याचा. आधी टायमर, मग एडीसी (करंट मोजून आकडा देणारा भाग), रिले शेवटी.