दरड, फळ्या आणि ग्रीनलंड

आइसलँडच्या टूरला येणाऱ्या गेस्टना धबधबे हवे असतात आणि नशिबात असलेच तर नॉर्दर्न लाइट्स. त्यामुळे पश्चिमेकडच्या हाउकादालुर खोऱ्यात कोच थांबला, तेव्हा “इथं बघायचं काय?” हे येणारच होतं.

उतारावर गवतानं झाकलेलं एक जोतं. आतली जागा जेमतेम पन्नास चौरस मीटर. 1997 पासूनच्या उत्खननात इथं दहाव्या शतकातलं घर सापडलं. हे तांबडा एरिक या व्हायकिंगचं घर आणि त्याचा मुलगा लेइफ बहुधा इथलाच, असं मानतात. कोलंबसच्या पाचशे वर्षं आधी उत्तर अमेरिकेला पोचलेला तो हाच लेइफ!

शेजारी तसंच घर नव्यानं उभारलंय. गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेपांच्या जाड भिंती, मधोमध विस्तव, डोळ्यांत जाणारा धूर. जुन्या वेशातली लोकल गाइड सांगत होती, मी मराठीत सांगत होते.

एरिकच्या गुलामांनी शेजारच्या वाल्थ्योफच्या घरावर दरड पाडली. वाल्थ्योफच्या नातलगानं ते गुलाम मारले. एरिकनं त्या नातलगाला मारलं. खोऱ्यातून हाकलल्यावर त्यानं बाकांच्या फळ्या थोर्गेस्ट नावाच्या माणसाकडे ठेवायला दिल्या. मागितल्या तर मिळेनात. पुन्हा मुडदे पडले आणि सभेनं एरिकला तडीपार केलं. त्याच तडीपारीत त्यानं ग्रीनलंडचा किनारा धुंडाळला.

“आमच्याकडं बांधावरनं होतं, तसंच की!” साताऱ्याकडचे एक काका म्हणाले. सगळे हसले.

मग गाइडनं पुढचं सांगितलं. वस्ती करायला निघाली 25 जहाजं, पोचली 14. काकांनी विचारलं, “बायकापोरं होती त्यात?” मी विचारून सांगितलं, “होती. गुरंढोरंही.” त्यानंतर कुणी घड्याळ बघितलं नाही.

हे सगळं ज्यात आहे त्या सागा, म्हणजे आइसलँडच्या जुन्या कथा, लिहिल्या गेल्या त्या दोन-तीनशे वर्षांनी, वासराच्या कातड्यावर. त्यातलं खरं किती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण गाइड दारात उभी राहून समोरची उतरण दाखवत वाल्थ्योफचं नाव घेते, तेव्हा मला सागा तिथंच, त्या मातीत कळते. कुठल्याही म्युझियममध्ये इतकी कळली नाही.

आयटिनररीत या थांब्याला अर्धा तास आहे. पुढच्या ग्रुपसाठी मी दीड तास मागितलाय. एखादा धबधबा कमी झाला तरी चालेल.