झेरॉक्सच्या दुकानात माझं व्हॉट्सॲप तीन दिवस उघडं होतं

भाचीच्या ॲडमिशनची धावपळ, पाऊस धो धो, आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवशी कळलं की उत्पन्नाच्या दाखल्याची प्रिंट लागणार. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात घुसलो, काउंटरवर ही गर्दी, तिथला पोरगा म्हणाला सर तुमचं व्हॉट्सॲप वेब लावा आणि तुम्हीच प्रिंट सोडा. क्यूआर स्कॅन केला, माझं व्हॉट्सॲप त्यांच्या पीसीवर उघडलं, तीन पीडीएफ डाउनलोड केल्या, तिसरी प्रिंट निघाली न निघाली तोच लाईट गेली. झालं, पैसे दिले, फाइल शर्टात घातली आणि पळालो.

तीन दिवसांनी अंबडला कंपनीत लॅपटॉपवर व्हॉट्सॲप लावायला गेलो तर लिंक्ड डिव्हायसेसमध्ये, म्हणजे आपलं व्हॉट्सॲप कुठे कुठे उघडं आहे त्या यादीत, आधीच एक जण बसलेला. गुगल क्रोम, विंडोज, लास्ट ॲक्टिव्ह आज सकाळी ११:२०. अरे ११:२० ला मी मशीनवर उभा होतो. पोटात गोळाच आला. लाईट गेली की पीसी बंद होतो, लॉगिन मात्र तसंच राहतं, पीसी चालू करून कोणी ती साइट उघडली की आपले चॅट परत समोर हजर. मी आपला या भ्रमात की फोन लांब गेला की ते बंद पडतं. पूर्वी फोनला नेट नसलं की खरंच बंद पडायचं, पण २०२१ पासून ती भानगड बदलली, आता फोन बंद असला तरी लिंक केलेलं चालूच राहतं, मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर कुठे ते सुटतं. आपण दर दोन मिनिटांनी फोन बघणार आणि दुकानात ती साइट रोज उघडणार, म्हणजे आपोआप सुटेल ही आशाच सोडा.

आणि माझ्या व्हॉट्सॲपमध्ये काय नव्हतं? स्वतःच स्वतःला मेसेज करायची सोय आहे ना, त्यात मी आधार, पॅन, आईचं पासबुक, एटीएम कार्डाचा पुढून आणि मागून फोटो असं सगळं टाकून ठेवलं होतं, सापडायला सोपं म्हणून. कोणालाही सोपंच होतं म्हणा.

कंपनीतला मित्र म्हणे तुझ्या फोनमध्ये अँटिव्हायरस नाही का. अरे बाबा, अँटिव्हायरस इथे काय करणार, व्हायरस कुठे आहे, मीच हाताने दार उघडून दिलंय.

तर हे आत्ताच बघून घ्या. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्ये वर उजवीकडे तीन टिंबं, तिथे लिंक्ड डिव्हायसेस, आयफोनवर सेटिंग्जमध्ये. ओळखीचं नसेल त्यावर टॅप करून लॉगआउट. जीमेल कुठे उघडून ठेवलं असेल तर गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत युअर डिव्हायसेस म्हणून आहे, तिथूनही बाहेर काढता येतं. माझ्या यादीत दोन वर्षांपूर्वी विकलेला फोन निघाला!

संध्याकाळी दुकानात गेलो. पोरगा अजिबात दचकला नाही, म्हणे इथे रोज कोणाचं ना कोणाचं उघडं असतं, आम्हीच लॉगआउट मारतो. मारतात तेव्हा मारतात. पीसीवर विंडोज ७, ज्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच संपले, आणि डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं तर डोळेच फिरले. आधार कार्डं, सातबारे, लग्नपत्रिका, कोणाचा तरी एमआरआय, शेकड्यांनी. आधारची पीडीएफ पासवर्डवाली असते म्हणून बिनधास्त राहू नका, तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, शेजारचाही सांगेल. त्यापेक्षा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, बऱ्याच ठिकाणी चालतं.

भाचीचे तिन्ही दाखले तिथेच पडलेले. शिफ्ट दाबून डिलीट केले, नुसतं डिलीट केलं तर रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतात. आता मी लॉगिन करतच नाही, दुकानाच्या नंबरवर तेवढी एकच फाइल पाठवतो आणि प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून त्यांच्याकडून उडवून घेतो, कारण आपण फोनवरून डिलीट फॉर एव्हरीवन केलं तरी पीसीवर उतरलेली कॉपी तशीच राहते. अगदीच लॉगिन करावं लागलं तर क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एन दाबून इन्कॉग्निटो विंडो, काम झालं की ती पूर्ण बंद, म्हणजे लॉगिनही जातं. उतरवलेली फाइल मात्र त्यानेही जात नाही, ती हातानेच काढायची. पेनड्राइव्ह तर नकोच, एकदा तिथून आणला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते, आणि त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की तो व्हायरस आपल्या पीसीतही शिरतो.

मी हे उरकत होतो तेवढ्यात मागे एक काका फोन सरसावून उभे. स्क्रीनवर व्हॉट्सॲप वेबचा क्यूआर, काउंटरवर पेमेंटचा क्यूआर. काकांनी दोन्हीकडे बघितलं आणि मलाच विचारलं, "भाऊ, पैसे कुठल्यावर टाकायचे?"