रविवारी सकाळी 10 ला लटकलेला सर्व्हर

नाटकाच्या तिकिटांचं ऑनलाइन बुकिंग, एवढंच काम होतं. स्प्रिंग बूट (जावाचं वेब फ्रेमवर्क), मागे पोस्टग्रेस डेटाबेस, सर्व्हर दोन. बुकिंगचा कोड माझा आणि मला त्याचं भारी कौतुक, कारण सगळं एकाच फंक्शनमधे बसवलं होतं, सीट लॉक करा, रेकॉर्ड टाका, प्रेक्षकाला एसएमएस पाठवा, एसएमएसवाल्यांचं उत्तर लॉग टेबलात लिहा, आणि वर ट्रान्झॅक्शनल लावून दिलं की झालं, म्हणजे डेटाबेसची सगळी कामं मिळून एकच व्यवहार, काही बिनसलं तर सगळं आपोआप रोलबॅक, म्हणजे होतं तसं. रिव्ह्यूमधे पण कोणी हूं की चूं केलं नाही.

मग एका गाजलेल्या नाटकाचं बुकिंग रविवारी सकाळी 10 ला उघडलं आणि 10 वाजून 2 मिनिटांनी सगळं ठप्प. गंमत म्हणजे सीपीयू 4 टक्के, मेमरी मोकळी, डेटाबेस निवांत बसलेला, आणि लॉगमधे एकच एरर धडाधड येतोय की 30000 मिलिसेकंद थांबलो पण डेटाबेसचं कनेक्शन मिळालं नाही.

मी काय केलं, तर पूल, म्हणजे डेटाबेसची उघडून ठेवलेली कनेक्शनं, वाढवला. घाईत सगळे हेच करतात. हिकारी म्हणजे हा पूल सांभाळणारी लायब्ररी, तिचा पूल आपण काही सांगितलं नाही तर 10 चा असतो, तो केला 100. दोन सर्व्हर म्हणजे 200, आणि पोस्टग्रेस मुळात घेतो 100 कनेक्शन, त्यातली पण 3 सुपरयूझरसाठी राखीव. आधी निदान रडतखडत तिकिटं निघत होती, आता पोस्टग्रेसच ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ म्हणायला लागला आणि अॅडमिनची स्क्रीन पण गेली. म्हणजे आता नक्की किती सीट विकल्या गेल्यात हे बघायची पण सोय नाही.

पूल परत 10 केला, तरी पाच मिनिटांत पुन्हा तेच. शेवटी टीममधल्या सिनियर दादाला फोन लावला. तो म्हणाला, "आता रीस्टार्ट मारू नकोस रे, आधी थ्रेड डंप घे." घेतला, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय त्याची यादी. टॉमकॅटचे, म्हणजे आतल्या वेब सर्व्हरचे, 200 थ्रेड, एकेक थ्रेड एकेक रिक्वेस्ट सांभाळणारा, त्यातले 10 एसएमएसवाल्यांच्या सॉकेटवर उत्तराची वाट बघत बसलेले आणि उरलेले 190 कनेक्शन मिळावं म्हणून ताटकळत उभे. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे त्याचं उत्तर येईपर्यंत डेटाबेसचं कनेक्शन नुसतं धरून ठेवलेलं.

एसएमएस जायला एरवी अर्धा सेकंद लागायचा, म्हणजे 10 कनेक्शनवर एका सर्व्हरमधून सेकंदाला फार तर 20 बुकिंग. त्या दिवशी त्यांचं उत्तर यायला 20 सेकंद लागत होते, म्हणजे दोन सेकंदाला एक बुकिंग, संपला विषय. त्यात एसएमएसवाल्यांना कॉल करणाऱ्या रेस्टटेम्प्लेटला टाइमआउट दिलाच नव्हता, आणि नाही दिला तर तो आपणहून वैतागून सोडत नाही, बसून राहतो. तिकीट खिडकीतला माणूस एकाचे पैसे हातात धरून फोनवर गप्पा मारत बसावा आणि मागे रांग रस्त्यापर्यंत जावी, तसा कोड मी लिहिला होता.

पण खरी लाज वाटली ती प्रयोगाच्या दिवशी. एक काकू दारात मोबाईल दाखवून उभ्या, "हा बघा मेसेज, सीट कन्फर्म्ड", आणि त्या सीटवर दुसरंच कोणीतरी बसलेलं. लॉग टेबलात उत्तराचा कॉलम 255 अक्षरांचा, जेपीएमधे (जावातून डेटाबेसशी बोलायची पद्धत) लांबी दिली नाही की तेवढाच होतो, आणि त्यांच्या केसमधे एसएमएसवाल्यांचं उत्तर त्याहून लांबडं आलं. इन्सर्ट फेल, सगळं रोलबॅक, सीट परत मोकळी. मेसेज मात्र गेलेला, तो काय रोलबॅक होणार! बुकिंगवाल्या काकांनी स्वतःची खुर्ची देऊन वेळ मारून नेली.

नंतर एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला. आता बुकिंग फक्त ‘हा मेसेज पाठवायचाय’ अशी एक रो दुसऱ्या टेबलात टाकून मोकळं होतं, पाठवायचं काम मागे चालणारा वेगळा वर्कर करतो, स्किप लॉक्ड वापरून, म्हणजे दुसऱ्याने लॉक केलेली रो सोडून पुढची घेतो, दोन वर्कर एकाच रोवर भांडत नाहीत. टाइमआउट 5 सेकंद. (पहिल्या व्हर्जनमधे वर्कर पण लॉक धरून एसएमएसची वाट बघायचा, सवय जाता जात नाही.) पाठवून झाल्यावर खूण करायच्या आत वर्कर मेला तर मेसेज दोनदा जातो, पण एकही न जाण्यापेक्षा ते परवडलं. शिवाय लोक घाबरून बटण परत परत दाबतात म्हणून प्रयोग आणि सीट नंबर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावला, म्हणजे एका प्रयोगाची एकच सीट दोनदा डेटाबेसच घेत नाही, तो खरं तर पहिल्या दिवसापासून हवा होता.

पुढच्या नाटकाला पूल 10 चाच ठेवला आणि बुकिंग एकदाही अडकलं नाही. एसएमएस मात्र सात मिनिटं उशिरा गेले, तर बुकिंगवाल्या काकांचा फोन, "अहो, लोक विचारतायत, मेसेज कुठाय?" मग तिकीट नंबर मोठ्या अक्षरात स्क्रीनवरच दाखवला, फ्रंटएंडवालीनं दहा मिनिटांत करून दिलं.