डिफेंडरच्या नावावर 2 सेव्ह

2014 मधली गोष्ट. तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत मॅच टॅगिंग करायचो. म्हणजे समोर फुटबॉल मॅच चालू आणि आपण प्रत्येक पास, टॅकल, शॉट कोणी मारला ते सॉफ्टवेअरमध्ये टाकत बसायचं. लोकांना वाटतं मॅच बघायचे पैसे मिळतात, पण खरं सांगू का, त्यात मॅच बघायला होतच नाही, फक्त जर्सी नंबर दिसतात.

27 ऑगस्टच्या रात्री चॅम्पियन्स लीगचा प्लेऑफ होता, जिंकेल तो ग्रुपमध्ये जाणार. लुडोगोरेत्स विरुद्ध रोमानियाचा स्टुआ बुखारेस्ट, दुसरा लेग म्हणजे दोनपैकी दुसरी मॅच, दोन्हींच्या गोलांची बेरीज धरायची, आपल्याकडे सव्वाबाराला सुरू. लुडोगोरेत्स म्हणजे बल्गेरियाच्या ईशान्येकडच्या राझग्राद नावाच्या छोट्या गावाचा क्लब, पण तिथलं स्टेडियम युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, नियमात बसत नव्हतं म्हणून मॅच राजधानी सोफियात. पहिला लेग स्टुआने 1-0 जिंकलेला. 90 व्या मिनिटापर्यंत काहीच नाही, माझा सीनियर तर बॅग भरायला लागला होता, आणि तेवढ्यात लुडोगोरेत्सच्या वांडरसनने असली व्हॉली हाणली की ज्याचं नाव ते! झालं, बेरीज 1-1, एक्स्ट्रा टाइम.

119 व्या मिनिटाला लुडोगोरेत्सचा गोलकीपर स्टोयानोव बॉक्सच्या बाहेर येऊन फाउल करतो आणि सरळ रेड कार्ड. तिन्ही बदली खेळाडू वापरून झालेले, म्हणजे बेंचवरचा दुसरा कीपर नुसता बघत बसणार. मग कॉसमिन मोत्सी नावाच्या सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या डिफेंडरने, ग्लोव्ह्ज घातले. गडी स्वतः रोमानियाचा, आणि त्यात पूर्वी दिनामो बुखारेस्टला खेळलेला, म्हणजे स्टुआच्या हाडवैऱ्यांकडे. शूटआऊटची पहिली किक त्यानेच मारली, गोल. मग गोलमध्ये जाऊन उभा राहिला, हात हलवतोय, लाइनवर नाचतोय, आणि 2 पेनल्टी अडवल्या! दुसरी अडवली तिथेच मॅच संपली, 6-5.

इकडे माझी वेगळीच पंचाईत. सेव्हचं बटण दाबलं की लिस्टमध्ये फक्त गोलकीपर म्हणून नोंदलेली नावं यायची, मोत्सी डिफेंडर, त्यामुळे त्याचं नावच येईना. आणि जो कीपर यादीत होता तो तर बाहेर गेलेला, त्याच्या नावावर सेव्ह टाकणार कसा? सीनियर म्हणाला, "कमेंटमध्ये लिही रे, सकाळी बघू." लिहिलं. सकाळी क्वालिटीवाल्यांचा मेल आला की एकाच प्लेअरला गोल पण आणि सेव्ह पण दिसतायत, चूक दुरुस्त करा. मी व्हिडिओची वेळ टाकून पाठवली आणि झोपायला गेलो.

झोप कसली, क्लबबद्दल वाचत बसलो. 2010 मध्ये किरिल दोमुसचिएव नावाच्या औषध उद्योगातल्या माणसाने क्लब घेतला तेव्हा हे सेकंड डिव्हिजनला होते. 2011 मध्ये वर आले आणि पहिल्याच सीझनला, 2012 मध्ये, लीग, कप दोन्ही! शेवटच्या दिवशी सीएसकेए सोफियाला 1-0 हरवून टायटल घेतलं. सीएसकेए आणि लेव्हस्की या सोफियाच्या दोन जुन्या घराण्यांना हे किती झोंबलं असेल. तिथून 2025 पर्यंत सलग 14 टायटल्स. पैशाने विकत घेतलंय सगळं असं म्हणणारे खूप आहेत, आणि पैसा आहेच, पण त्या रात्रीचं काय विकत घेतलं होतं सांगा ना? 1986 मध्ये याच स्टुआने बार्सिलोनाविरुद्ध पेनल्टीवर युरोपियन कप जिंकला होता, त्यांच्या गोलकीपर दुकादमने चारच्या चार अडवून! त्यांनाच 28 वर्षांनी एका सेंटर बॅकने घरी पाठवलं. पुढे क्लबने स्टेडियमच्या एका स्टँडला मोत्सीचं नाव दिलं.

तर प्लेऑफ जिंकून चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये गेले, तिथे समोर रियाल माद्रिद, लिव्हरपूल, बाझल. लोक म्हणाले झीरो पॉइंट्स, कारण 2006 मध्ये लेव्हस्की सगळ्या 6 मॅच हरलेले. यांनी बाझलला 92 व्या मिनिटाला 1-0 हरवलं, ग्रुप स्टेजमधला बल्गेरियन क्लबचा पहिला विजय. त्याआधी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावरची मॅच तर मी मागून घेतली होती, शेवटी शेवटी दानी अबालोने 1-1 केलं आणि मी टेबलावर हात आपटला, सीनियरने डोळे वटारले. मग इंज्युरी टाइममध्येच लिव्हरपूलच्या जेरार्डला पेनल्टी. या वेळी गोलमध्ये खराखुरा गोलकीपर होता. गेला ना गोल!