पैलवानाचं स्किट आणि तालमीतला प्रयोग

पैलवानाचं स्किट टेलिकास्ट होऊन आठवडा झाला असेल नसेल आणि नेमकं माझं कोल्हापूरला शूट लागलं. एका मालिकेत छोटासा कॅमिओ, मोरेवाडीला चित्रनगरीत, म्हटलं चला, घरचं जेवण आणि प्रवासखर्च प्रॉडक्शनचा. मी मूळचा मंगळवार पेठेतला, टीव्हीवरच्या एका कॉमेडी शोमध्ये स्किटं लिहितो आणि त्यातच कामंही करतो, म्हणजे लेखक म्हणूनही कमी पैसे आणि नट म्हणूनही कमीच. लंच ब्रेकला आमचा लोकल कोऑर्डिनेटर हळूच येऊन म्हणाला, "भावा, तालमीतनं निरोप आलाय, पॅकअप झालं की वस्तादांनी बोलवलंय." कशाला विचारलं तर म्हणाला, "ते पैलवानाचं तूच लिवलंयस न्हवं?" जेवण तिथंच संपलं.

स्किट तसं साधंच होतं. पैलवान मुलगी बघायला जातो, पोह्यांची प्लेट एका घासात संपवतो, मुलीला विचारतो जोर-बैठका किती मारता, मोजताना पंधरानंतर परत दहा म्हणतो, आणि शेवटी मुलीच्या आईच्या पाया पडायला वाकतो तो सवयीनं तिचा पटच काढतो, म्हणजे पाय धरून तिलाच आडवी करतो. आई सोफ्याच्या मागं, ब्लॅकआऊट. सेटवर तुफान चाललं होतं. पण सेटवर सगळंच चालतं हो. आमच्याकडं प्रेक्षकांत निम्मे ज्युनिअर आर्टिस्ट बसलेले असतात, टाळी कधी द्यायची ते असिस्टंट खुणेनं सांगतो, पाहुण्यांचे हसायचे शॉट वेगळे घेऊन ठेवलेले असतात आणि तरी कुठं खड्डा पडलाच तर एडिटला हशा टाकून बुजवतात. जोक वाया गेला तरी घरी बसलेल्याला कळत नाही, आणि खरं सांगू का, काही वर्षांनी लिहिणाऱ्यालाही कळायचं बंद होतं.

आधी असं नव्हतं. आमची सुरुवात विद्यापीठाच्या युवा महोत्सवातली, मग राज्य नाट्य स्पर्धा, केशवराव भोसले नाट्यगृहाच्या स्टेजवर. तिथलं पब्लिक आवडलं तर डोक्यावर घेणार आणि नाही आवडलं तर मागच्या रांगेतनं असा एक आवाज येणार की पुढचं वाक्यच विसरून जावं. मुंबईत गेल्यावर दहिसरला एका खोलीत दाटीवाटीनं राहून मी दुसऱ्यांच्या नावानं गॅग लिहिले, बरीच वर्षं स्क्रीनवर माझं नाव नव्हतं, नंतर एका नटाची तारीख जुळली नाही म्हणून त्याच्या जागी उभा राहिलो आणि तेवढ्यावर नट झालो. ह्यात थोर असं काही नाही, आमच्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट साधारण हीच असते.

संध्याकाळी रिक्षा खासबागेवरनं नेली. बाजूला केशवराव उभं होतं, म्हणजे जे काही उरलं होतं ते. शाहू महाराजांनी १९१५ ला पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या संगीत नट केशवरावांची जयंती होती. त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. एका हाताला नाटकाचं थिएटर आणि त्याच्या शेजारीच खासबागेचं १९१२ चं कुस्तीचं मैदान, दोन्ही एकाच राजानं बांधलेली. मनात म्हटलं, महाराज, तुम्ही दोघांना शेजारी शेजारी ठेवलंत, आज मात्र शेजारी मला मारणार आहेत.

तालमीचं नाव सांगत नाही, सांगून उगाच कशाला. चप्पल बाहेर काढून आत गेलो. हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, मातीला ताक, हळद, तेल, कापूर असा एक मिळून वास असतो तो आला. भिंतीवर मारुती, शाहू महाराज, १९५९ चे पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे, त्यांच्या शेजारी १९६० चे गणपतराव आंदळकर, आणि त्या सगळ्यांच्या खाली बाकड्यावर वस्ताद. मेहनत संपलेली, पोरं अंग पुसत भिंतीला टेकून बसलेली.

"या की पावणं, बसा. कुठलं म्हणायचं तुमी?"

"मंगळवार पेठेतलाच हाय वस्ताद."

"कुणाचा रं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. तिथनं पुढं अहोजाहो संपलं आणि मला जरा हायसं वाटलं, कारण कोल्हापुरात अहो म्हणून बोलणाऱ्या माणसाची जास्त भीती वाटते.

तक्रार अशी होती की तालमीतल्या एका पोराचं लग्न ठरत आलेलं, बोलणी शेवटाला आलेली, आणि स्किट लागल्यावर दुसऱ्या दिवशी मुलीच्या मामाचा फोन आला की मुलगी नको म्हणतीय. मला मनातनं पटलं नव्हतं. पैलवानाला मुलगी न मिळायची कारणं काय आमच्या शोची वाट बघत बसलीत होय, नोकरी नाही, शेती दोन एकर, तिशी आली की कुस्ती सुटणार आणि खुराक सुटत नाही. पण त्या पोरानं मान वर केली आणि मी गप्प बसलो. दोन्ही कान कुस्तीत मोडलेले, सुजून दगडासारखे घट्ट झालेले, आणि त्यावर त्यानं केस मुद्दाम वाढवून ओढून घेतले होते. बाकी सगळ्यांचे केस बारीक. बायोडेटाला फोटो काढायचा होता म्हणून वाढवलेत असं शेजारचा हळूच म्हणाला. पोरगा बी.कॉम. झालेला.

वस्ताद म्हणाले, "पैलवानाला मोजता येत न्हाई व्हय रं? बरं, ते ऱ्हाऊ दे. हितं करून दाव."

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. पोरं सरकून बसली, जागा केली.

कॉलरचा माइक नाही, म्युझिक नाही, समोर सगळी ताज्या मेहनतीची पोरं हाताची घडी घालून. एकट्यानंच सगळी पात्रं. पोह्याचा जोक टाकला. काही नाही. बैठकांचा टाकला. काही नाही, पत्र्यावर कबुतरं चालत होती तेवढा आवाज. मोजायचा जोक तोंडात आलेला मी गिळला, पंधराच्या पुढं सोळा म्हणालो आणि थांबलो. मग एकदम मुलीचा बाप आठवला. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी बाप लिहिला होता, पण स्किट लांबलं आणि एक नट वाचवायचा म्हणून वरनं कापायला सांगितलं. तोच काढला. बाप पैलवानाला उभं करतो, भोवती फिरतो, दंड चाचपतो, वडगावच्या बाजारात जनावर बघायला आल्यासारखा. विचारतो, "दिवसाला किती लिटर?" पोरगा म्हणतो चार. बाप म्हणतो, "देतं व्हय?" "न्हाई, पितो."

कोपऱ्यात कुणीतरी फुटलं. मग बाप विचारतो कामाचं काय, हा म्हणतो पोलीस भरतीचा अर्ज भरलाय, बाप म्हणतो मागच्यानं बी भरलेला, हा म्हणतो मागचा पण मीच, तुमच्या थोरलीला बघायला आलेलो. आता सगळी तालीम हसायला लागली, एकजण तर मातीतच लोळला, आणि ते केस वाढवलेलं पोरगं टॉवेलमध्ये तोंड घालून हलत होतं. ह्यांतल्या प्रत्येकानं तो बाप बघितलेला होता, कुणी कांदेपोह्यात, कुणी फोनवर. मघाशी पैलवानाला हसायचं होतं ते त्यांनी हसलं नाही, बापाला हसायचं म्हटल्यावर सुटलेच. सेटवर हा फरक मला कुणी सांगितला नसता, तिथं दोन्ही वेळी सारखाच हशा भरला असता.

वस्ताद हसले नाहीत, फक्त मिशीवरनं हात फिरवला. "बाप बरा हाय. पैलवान बदल. आन् त्यो पट काढतोस ते साफ चुकीचं, गुडघा असा ऱ्हात न्हाई," म्हणून एका पोराला उठवलं आणि त्याच्यावर एकेरी पट कसा काढायचा ते मला करून दाखवलं, मग माझ्यावरच दाखवलं. कंबर दोन दिवस धरून होती. जाताना बदामाची थंडाई मात्र पाजली.

मुंबईला गेल्यावर नवीन स्किट लिहून दिलं. चॅनल म्हणालं पैलवान एवढ्यात रिपीट नको, मग काही महिन्यांनी बाप घेतला आणि तो इतका चालला की तो करणारा नट आता कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेत फिरतो, बापाच्याच टोपीत. मी नट असून मला तो रोल दिला नाही, वय दिसत नाही म्हणे.

वस्तादांना लिंक पाठवली होती. फोन आला, "बघितलं. बरं केलंयस. आता माझं एक काम कर, तुमच्या सेटावर बाउन्सर लागत्यात न्हवं? त्या पोराचं बघ की." मी प्रॉडक्शन मॅनेजरचा नंबर दिला. पोरगं आता आमच्या गेटवर असतं, केस बारीक केलेत, आणि त्याचं पेमेंट पॅकअपला रोख मिळतं. लेखकाला नव्वद दिवस थांबावं लागतं, मागच्या महिन्यात अडलो तेव्हा मी त्याच्याकडनंच उसने घेतले.